गिरणीचा नंबर

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना फोन आहे. जुना म्हटलेलं मी अंगाला लावून घेत नाही, कारण ते खरंच आहे. माझ्या पाठीवरचं झाकण रबराने बांधलेलं आहे, पाचाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही आणि माझ्या फटींमध्ये ज्वारी, बाजरी, गहू अशा सगळ्या धान्यांचं पीठ बसलेलं आहे. पण कुणी मला निकामी म्हणालं, तर मात्र मी भांडायला उभा राहतो. तशी वेळ माझ्यावर गेल्या हिवाळ्यात आली होती. तेव्हा काय झालं ते ऐका आणि निकामी कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एका सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच शेकडो भाऊ ओळीने पडलेले असत आणि कुणीतरी आमच्या पोटात बारीक बारीक स्क्रू पिळत असे, एवढंच डोळ्यांसमोर येतं. तिथून मी खोक्यात बसून संभाजीनगरला आलो आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात काचेच्या कपाटात जाऊन बसलो. मला विकत घेतलं कडुबांनी. खुलताबादच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका वस्तीवर त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीने कडुबांचे कान केव्हाच गेले होते. त्यामुळे फोन घेतला त्यांनी, पण तो वापरला त्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी. गिरणीच्या स्विचशेजारी एक खिळा ठोकून त्यांनी मला कापडी पिशवीत टांगलं. तेव्हापासून माझा मुक्काम तिथेच आहे.

त्या काळी वस्तीवर माझ्याशिवाय दुसरा फोन नव्हता. दवाखान्यात, शाळेत, पंचायतीत कुठेही फोन नंबर विचारला, की बाया बिनधास्त सांगत, गिरणीचा नंबर लिहा. पुढे घरोघरी फोन आले. पण घरातला फोन पोरगा घेऊन वाळूजच्या कंपनीत कामाला जाई, आणि बायांच्या हातात एखादा फोन राहिलाच तर रिचार्ज संपून तो मुका होई. दोन वर्षांत नंबरही बदललेला असे. गिरणीचा नंबर मात्र कधी बदलला नाही. म्हणून वस्तीवरच्या बाया पुढेही माझाच नंबर देत राहिल्या, आणि त्याचा मला अभिमान वाटे, आजही वाटतो.

निरोप पोहोचवण्याची चंपाबाईंची एक रीत होती. दळणाचे डबे गिरणीत रांगेने ठेवलेले असत. ज्या बाईच्या नावाचा मेसेज येई, तिचा डबा चंपाबाई रांगेतून उचलून उंबऱ्यावर ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसे आणि तिच्या घरी आपोआप कळे. ती आली, की चंपाबाई कपाळावरचं पीठ पुसत तिला मेसेज वाचून दाखवत आणि लगेच पुसून टाकत. पुसावाच लागे, कारण माझ्या पोटात जागा बेताची. त्यातून मराठी मजकुराला जागा जास्त लागते. एका मेसेजचे तीन तीन तुकडे होऊन येतात, आणि माझं पोट भरलं की पुढचे मेसेज बाहेर ताटकळत राहतात.

शहरातली एक संस्था दर हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर घेते. आधी डॉक्टर वस्तीवर येऊन डोळे तपासतात आणि नावं लिहून नेतात. मग ज्याच्या त्याच्या नावाने मेसेज येतो, की अमुक तारखेला फाट्यावर गाडी येईल, तयार राहा. त्या दिवसांत मी सकाळपासून नुसता थरथरत असे. उंबऱ्यावर डब्यांची गर्दी होई आणि कडुबा आत यायला वाट नाही म्हणून कुरकुर करत.

गेल्या हिवाळ्यात नाव देणाऱ्या बावीस जणींमध्ये आवडाबाई साळवे होत्या. आवडाबाई म्हणजे वस्तीवरच्या सगळ्या गोधड्या शिवणारी बाई. लहानपणी देवी आल्या तेव्हा त्यांचा एक डोळा गेला. उरलेल्या एकाच डोळ्यावर त्यांनी संसार केला, गोधड्या शिवल्या, पोरी उजवल्या. आता त्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला होता. गोधडीचा टाका हाताने चाचपून घालावा लागे आणि तो वाकडा गेला की त्या स्वतःवरच चिडत. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की ह्या हिवाळ्यात काम झालंच पाहिजे, आणखी थांबलात तर डोळा वाचेल याची खात्री नाही. त्यामुळे आवडाबाई रोज काठी टेकत गिरणीवर येत आणि माझा निरोप आला का, म्हणून विचारत.

एके सकाळी मेसेज आला. एकच. सरूबाई खरात यांच्या नावाचा. चंपाबाईंनी सरूबाईंचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बाकीच्या एकवीस मेसेजांची वाट बघत बसल्या. त्या दिवशी काही आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चंपाबाईंनी माझं पोट रिकामं केलं, मला बंद करून पुन्हा सुरू केलं, डोंगराच्या चढावर नेऊन हात उंच करून धरलं. मी तरी काय करणार? मला कुणी हाकच मारत नव्हतं. ठरल्या दिवशी गाडी आली आणि एकट्या सरूबाईंना घेऊन गेली.

काळा चष्मा लावून सरूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की तिथे निम्म्या खाटा रिकाम्या होत्या आणि डॉक्टर विचारत होते, तुमच्या वस्तीवरच्या बाया का नाही आल्या? झालं, सगळ्यांनी माझ्या डोक्यावर खापर फोडलं. कुणी म्हणालं ह्याला आता ऐकू येत नाही, कुणी म्हणालं मेसेज ह्यानेच गिळले. आवडाबाई नुसत्या पोत्यावर बसून राहिल्या, आणि तेच मला जास्त लागलं. चंपाबाईंचा नातू सम्यक वाळूजहून सुट्टीला आला होता. त्याने हसत मला डबडं म्हटलं, माझ्यातलं सिम काढलं आणि आपला जुना मोठा फोन आजीला दिला. मी जाऊन पडलो गिरणीच्या जुन्या पट्ट्यांच्या आणि गंजलेल्या बोल्टांच्या टोपलीत.

मित्रांनो, अपमान सोसणं वेगळं आणि खोटा आळ सोसणं वेगळं. टोपलीत पडल्या पडल्या मी मनात म्हणत होतो, की बघू त्या गुळगुळीत साहेबाला तरी मेसेज येतात का. तो साहेब दिसायला देखणा, पण पिठाच्या हातांशी त्याचं काही जमेना. चंपाबाई बोट फिरवत आणि तो ढिम्म हलत नसे. हात धुऊन यावं तर ओल्या बोटाने भलतंच काहीतरी उघडे. आठवड्याभरात त्याने चंपाबाईंच्या नाकी नऊ आणले. आणि मग एका दुपारी त्याच्यावर संस्थेचा मेसेज आला. रिकाम्या राहिलेल्या खाटांसाठी दुसरी तुकडी जाणार होती. मेसेज एकच होता आणि तोही सरूबाईंच्याच नावाचा.

चंपाबाईंनी तो दोनदा वाचला. सरूबाईंचा डोळा तर झाला होता, मग त्यांनाच पुन्हा बोलावणं कसं? म्हणजे खोट फोनात नव्हतीच. त्यांनी त्या साहेबाच्या पोटातलं सिम काढलं, मला टोपलीतून उचललं, झटकलं आणि सिम पुन्हा माझ्यात घातलं. माफी कुणी मागितली नाही. फोनाची माफी कोण मागतं? दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई पदर खोचून एसटीत बसल्या. सोबत आवडाबाई होत्या आणि पिशवीत मी.

संस्थेत विचारल्यावर कळलं, की मेसेज पाठवण्याचं काम गुलमंडीतल्या एका ऑफिसकडे दिलेलं आहे. कापडाच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून दोघी वर गेल्या. ज्या गल्लीतून मी विकला गेलो ती खालीच होती, पण जुन्या आठवणी काढत बसण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. वर एक तरुण कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याचं नाव सार्थक. गंगापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि तक्रार नीट ऐकून घेतली. मग माझा नंबर टाकून त्याने पडदा चंपाबाईंकडे वळवला.

"मावशी, हे बघा. तुमच्या नंबरला मेसेज पोहोचलाय. ही हिरवी खूण."

"पोहोचला ना. मी कुठं नाय म्हणते?" चंपाबाई म्हणाल्या. "पण बाया बावीस आन् मेसेज एक, हे कसं?"

सार्थकने समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात थोडी ऐट होती. संस्थेची तक्रार होती, की पाठवलेल्या मेसेजांपैकी कितीतरी पोहोचतच नाहीत. ते सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने मजकूर छोटा केला. मेसेज रात्री जात, ते सकाळी लोकांचे फोन सुरू असताना पाठवायला लागला. बंद पडलेले नंबर काढून टाकले. आणि एकच नंबर पुन्हा पुन्हा आलेला दिसला, तेव्हा लिहिणाऱ्याची चूक समजून एक ठेवला आणि बाकीचे उडवले. शंभरात सत्तर पोहोचत होते, ते सत्त्याण्णव झाले. संस्थेच्या बैठकीत त्याला उभं करून शाबासकी दिली होती.

चंपाबाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी गिरणीची सगळी हकीकत सांगितली, डब्यांची रीतही सांगितली. सार्थक ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. तरी त्याने आपली बाजू सोडली नाही, आणि त्याची बाजू अगदीच खोटी नव्हती. एकाच नंबरावर लागोपाठ मेसेज गेले, की फोन कंपनीची यंत्रणा ते उपद्रवी समजून अडवते. मजकूर आधी कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे एकाच मेसेजात बावीस नावं कोंबता येत नाहीत. नावं कागदावर लिहून देऊनही भागत नव्हतं. खाटा वाया जाऊ नयेत म्हणून संस्थेने नियमच केला होता, की ज्याच्या नावाचा मेसेज पोहोचला त्याचीच खाट पक्की. त्यापेक्षा प्रत्येक बाईने आपापल्या घरचा नंबर द्यावा, असं त्याने सुचवलं.

"घरचा नंबर म्हंजे पोराचा," चंपाबाई म्हणाल्या. "पोरगं वाळूजला, माय वस्तीवर. मेसेज पोरापाशी गेला तर तुझ्या हिथं हिरवी खूण होईल. मायला काय कळंल? गिरणीचा नंबर मी काढू देणार नाय."

सार्थक बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसला. सगळे नंबर परत घातले तर मेसेज अडकणार, आकडा खाली येणार आणि जबाब त्यालाच द्यावा लागणार, हे त्याने कबूल केलं. मग त्याचं लक्ष आवडाबाईंच्या डोळ्याकडे गेलं. हा एकच डोळा आहे, हे चंपाबाईंनी त्याला सांगितलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, की ह्या आजींचं नाव मी आत्ताच्या आत्ता घालतो, दुसऱ्या तुकडीत त्यांची खाट पक्की समजा, बाकीच्यांचं पुढच्या हिवाळ्यात बघू. चंपाबाईंच्या तोंडून सुटकेचा सुस्कारा बाहेर पडला. माझ्याही जिवात जीव आला. ज्यासाठी आलो होतो ते मिळालं होतं.

पण आवडाबाईंनी मान हलवली.

"नाय दादा. माझ्या एकटीचं घालू नको."

चंपाबाई घाबरल्या. "माय, येडी झालीस का? डोळा जाईल तुझा."

"जाईल तर जाईल. समद्या बाया मागं ठेवून एकटीनंच बघायचं, तर त्या बघण्याचं काय लोणचं घालू?" आवडाबाईंनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. "गाडी आली तर आमच्या समद्यांची येईल. नाय तर मी हाय तशी बरी."

मित्रांनो, माझं आयुष्य माणसांचे आवाज ऐकण्यात गेलं. पण असा आवाज मी ऐकला नव्हता. त्यात रडणं नव्हतं, विनवणीही नव्हती. भीती होती, ती मला स्पष्ट ऐकू आली, कारण बोलताना काठी खुर्चीवर टकटक वाजत होती. तरीही त्या मागे हटल्या नाहीत.

सार्थकने पेन खाली ठेवलं. कॉम्प्युटरकडे वळला आणि उडवलेली सगळी नावं त्याने परत आणली, आमच्या वस्तीची आणि आमच्यासारख्या इतर गावांचीही. मग चंपाबाईंना म्हणाला, "फोन हातात धरून बसा, मावशी. एकेक सोडतो. आला की वाचा आणि पुसा. जागा भरू देऊ नका."

त्या दुपारी मी जे काम केलं, ते त्या गुळगुळीत साहेबाने करून दाखवावं. पहिला मेसेज आला, तीन तुकड्यांत. चंपाबाईंनी नाव मोठ्याने वाचलं, आवडाबाईंनी मान डोलावली आणि मेसेज पुसला गेला. मग दुसरा, मग तिसरा. एकेका मेसेजानंतर सार्थक मुद्दाम वेळ जाऊ देत होता, म्हणजे वरच्या यंत्रणेला संशय येऊ नये. निम्मी नावं झाली आणि यंत्रणेने नाक मुरडलंच. काही येईना. सार्थकने चहा मागवला, खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका ऐकत तिघांनी तो घेतला. तासाभराने मी पुन्हा थरथरलो. असं थांबत, रुसत, पुन्हा सुरू होत एकोणीस मेसेज माझ्या पोटातून गेले. माझी बॅटरी एका काडीवर आली होती, पण मी डोळा मिटला नाही. शेवटी दोन राहिले, रूपा वाघ आणि आवडाबाई साळवे. ते काही येईनात.

शेवटची एसटी चुकली असती म्हणून दोघी उठल्या. सार्थक जिन्यापर्यंत आला. रात्रीपर्यंत प्रयत्न करत राहीन म्हणाला, पण खात्री देत नाही, असंही म्हणाला. गाडीत आवडाबाई खिडकीशी बसल्या. बाहेरचं त्यांना काही दिसत नव्हतं, तरी तोंड बाहेर करूनच बसल्या होत्या. दौलताबाद मागे पडलं, घाट सुरू झाला आणि माझी रेंज गेली. मी जीव मुठीत धरून होतो. घाट चढून गाडी वर आली, वारा लागला आणि माझ्या पोटात थरथर झाली. एक तुकडा आला, दुसरा आला. तिसरा येईपर्यंत चंपाबाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं होतं.

"साळवे आवडाबाई," त्यांनी एवढ्या मोठ्याने वाचलं, की कंडक्टरनेही मागे वळून पाहिलं. पुढची तारीख वाचायला मात्र त्यांनी मला शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि स्वतः पदराने डोळे पुसले. आवडाबाईंनी चंपाबाईंचा हात धरला, तो वस्ती येईपर्यंत सोडला नाही.

रूपाचा मेसेज आजतागायत आलेला नाही. तिची खाट सार्थकने संस्थेत जाऊन, भांडून पक्की केली आणि तसं माझ्यावर फोन करून सांगितलं. ठरल्या दिवशी फाट्यावर गाडी आली आणि खचाखच भरून गेली.

त्या महिन्यात सत्त्याण्णवचे पंच्याऐंशी झाले. ऑफिसच्या साहेबांनी सार्थकला बोलावून फैलावर घेतलं, हे त्यानेच नंतर फोनवर सांगितलं. त्याने उत्तर दिलं, की सत्त्याण्णव हे नंबर होते, माणसं आपण मोजलीच नव्हती. साहेबांना ते फारसं पटलं नाही. एका नंबरावरच्या सगळ्या माणसांना एकाच निरोपात बोलावता येईल, असा मजकूर त्याने मंजुरीला पाठवला आहे. तो एकदा परत आला, त्याने पुन्हा पाठवला. मला तो पोरगा आवडतो. त्याला हट्ट करता येतो.

पट्टी सुटल्यावर काही दिवसांनी आवडाबाई गिरणीवर आल्या. काठी घरी ठेवून आल्या होत्या. त्यांनी गिरणी पाहिली, कडुबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या म्हणून त्यांना चिडवलं. मग मला पिशवीतून काढून डोळ्याजवळ धरलं. माझी छाती फुलून आली. आता आपलं कौतुक होणार, अशी माझी समजूत.

"चंपे," त्या म्हणाल्या, "लई घाण झालंय गं हे. असलं डबडं कशाला जपून ठेवलंस?"

मित्रांनो, मला जो संताप आला तो काय सांगू. चंपाबाईंनी गिरणीत दळण ओतता ओतता मान वळवली.

"दिसतंय ना तुला आता? मग पूस."

आणि आवडाबाई खरोखरच पोत्यावर बसल्या. पदराचं टोक ओलं करून त्यांनी माझं एकेक बटण पुसून काढलं, फटीतलं पीठ नखाने कोरलं, आणि पुसता पुसता आकडे मोठ्याने वाचत राहिल्या.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं असलंच तर ते एवढंच आहे. जुनी वस्तू फेकायला उचललीत, की आधी ती पुसून बघा. आणि एका नंबरावर बावीस नावं दिसली, तर त्यातली एकवीस खोडायला हात उचलू नका. कुणाला वाटत असेल की ह्या जुन्याला एवढं झेपणार नाही, त्यांना माझं सांगणं आहे, मी चार्ज होऊन खिळ्यावर टांगलेला आहे. पाठवा. बावीसच्या बावीस पाठवा.